सूत्र पाठ, शक्यता अनोळखी

महोदय,

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला मी संख्याशास्त्र शिकते आहे. नवी माहिती मिळाल्यावर शक्यता कशी बदलते ते सांगणारे बेझचे सूत्र फळ्यावरून उतरवून घेतले, परीक्षेपुरते पाठही केले; पण डोक्यात शिरले ते वहीत हजार माणसे मांडल्यावर. त्यांतल्या १० जणांना आजार आहे. चाचणी त्यांपैकी ९ जणांना ओळखते, पण निरोगी ९९० जणांपैकी ९९ जणांनाही रुग्ण ठरवते. म्हणजे चाचणीत सापडले १०८, खरे रुग्ण फक्त ९. बारात एक! मी तीनदा बेरीज तपासली. आजाराच्या जागी कर्ज बुडवणारे आणि चाचणीच्या जागी बँकेची छाननी ठेवली, की हाच हिशेब थेट आमच्या विषयात येतो. मग हे उदाहरण सूत्राच्या आधी का शिकवत नाहीत?

सरासरी आणि मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) यांचेही तेच. नऊ जणांचे उत्पन्न २०, दहाव्याचे ८२०. सरासरी १००, मध्यक २०; बहुतेकांचे उत्पन्न सांगतो तो मध्यक.

प्रश्नपत्रिकेत निदान एका प्रश्नात तरी उत्तराचा अर्थ दोन वाक्यांत लिहायला सांगावा. सध्या आकडा बरोबर आला की पूर्ण गुण मिळतात.

– अर्थशास्त्राची एक विद्यार्थिनी