खारट मुका

स्विंडन, इंग्लंड

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर आपल्या चिनूच्या आजाराचा, या सिस्टिक फायब्रोसिसचा, विषय निघाला की तुला रडू येतं आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहिते. मे महिन्यात आम्ही मोपाला उतरतोय. तू सावंतवाडीहून आधीच म्हापशाला येऊन राहा. सासूबाईंचंही तेच म्हणणं आहे.

चिनूच्या घामातून मीठ फार जातं. तो तान्हा असताना तूच म्हणालीस, "पोराचा मुका खारट लागतो गो." गोव्याची खारी हवा म्हणून सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. न्यूयॉर्कला 1948 च्या उन्हाळ्यात अशीच मुलं उष्म्याने कोसळून दवाखान्यात येऊ लागली, तेव्हा कुठे डॉक्टरांना त्या घामाचा संशय आला. म्हणून मेच्या उकाड्यात पेजेसोबत खारातले तोर त्याला खुशाल दे. "एवढ्याशा पोराला एवढं मीठ?" असं कोणी म्हटलं तर ऐकू नकोस. सुस्तावला, ओकायला लागला, पोटऱ्यांत गोळे आले, तर मात्र लगेच मला हाक मार.

जेवणाआधीच्या कॅप्सूल चुकवायच्या नाहीत. त्याच्या स्वादुपिंडाचा रस आतड्यात पोचत नाही, त्यामुळे तूप-खोबरं न पचता तसंच बाहेर पडतं. ते तेलकट, उग्र वासाचे लंगोट तूच धुतलेस. माशाच्या हुमणाला जास्त कॅप्सूल, नुसत्या कलिंगडाला एकही नाही. त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात, हे सासूबाईंना आधीच सांगून टाकलं. जरा गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "वखदाक सोंवळें ना." मी सुटले!

देवळाच्या तळीत डुंबायला नेऊ नका. साचलेल्या पाण्यातले जंतू त्याच्या फुफ्फुसात एकदा ठाण मांडून बसले की हटता हटत नाहीत. समुद्र चालेल.

तू म्हणतेस, गोव्याच्या कुठल्याच डॉक्टरवर आता भरवसा नको. राग मलाही आहे. आधी बालदमा म्हणाले, मग तपासणीत काही सापडलेलं नसताना क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या. वजन वाढेना तेव्हा "तुम्ही नीट भरवत नाही" हे मलाच ऐकवलं. ते अजून टोचतं. पण हा आजार गोऱ्यांचा, आपल्याकडे नसतोच, असंच कित्येक डॉक्टर शिकून आलेले. इथे 2007 पासून देशभर प्रत्येक बाळाच्या टाचेचं रक्त यासाठी तपासतात. इथले डॉक्टर जास्त हुशार आहेत असं नाही, शोधायची सोय आहे म्हणून सापडतं.

इथल्या डॉक्टरीणबाईंवर माझा विश्वास बसला तो वेगळ्याच कारणाने. त्यांनी चिनूच्या वजनाचे जुने आकडे माझ्या वहीतून घेतले, तक्त्यावर एकेक टिंब मांडलं, कागद माझ्याकडे फिरवला आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगत होतात ते हेच." घामातलं क्लोराइड 60 किंवा वर गेलं की हा आजार धरतात. चिनूचं त्याच्या बरंच वर आलं. तरी मी प्रत्येक औषधाला विचारते, हे कशासाठी, आणि गुण आला नाही तर पुढे काय? त्या चिडत नाहीत. चिडणाऱ्याकडे मी थांबणारही नाही, मग तो म्हापशाचा असो की लंडनचा.

म्हापशात एक डॉक्टर पाहून ठेवलेत. फोनवर म्हणाले, "असे पेशंट मी फारसे बघितलेले नाहीत, तुमच्या डॉक्टरांचं पत्र आधी पाठवा." मला हे आवडलं.

आणि एक. वहिनीला दिवस गेलेत. आई आणि बाप दोघांकडून एकेक बिघडलेलं जनुक आलं तरच मुलाला हा आजार होतो. माझ्यात ते आहे, म्हणजे दादात असण्याची शक्यता निम्मी. त्याने रक्त तपासून घ्यावं, निघालं तर मग वहिनीचं. कुणाची नजर नाही, कुणाचं पाप नाही. रविवारी मीच त्याच्याशी बोलते. तोवर वहिनीच्या आईपुढे हा विषय काढू नकोस, त्या उगाच घाबरतील.

बाबांना नमस्कार.

तुझी,
बाय