आईला विचारणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही पत्रबित्र वाचत बसणाऱ्यांतले नाही, हे ठाऊक आहे. तुमचा मुलगा मोबाइलवरून वाचून दाखवेल आणि तुम्ही मध्येच "बास, पुरे" म्हणाल. तरी लिहितेय. मजुरी चुकती केली त्या दिवशी तोंडातून धड चार शब्द निघाले नाहीत, आणि ते मनाला लागून राहिलंय.

ज्यांनी घर बांधलंय त्यांना वेगळं सांगायला नको, फरशीची पाळी येईपर्यंत हात रिकामे झालेले असतात. पाया, स्लॅब, नळकाम, वायरिंग सगळं झालेलं असतं आणि उरलेल्या पैशांत अख्खं घर पायाखाली घालायचं असतं. अशा वेळी "जरा बेतात बसवायचंय" म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा कसा पालटतो, ते आम्ही पाहिलंय. एका शोरूममधल्या सेल्समनने आमचा आकडा ऐकला, मागच्या बाजूच्या ढिगाकडे बोट दाखवलं, "यात तुमचं भागेल" म्हणाला आणि फोनवर बोलत निघून गेला. त्या ढिगातल्या खोक्यांवरचे बॅच नंबरसुद्धा एकमेकांशी जुळत नव्हते, म्हणजे रंगाची छटाही जुळेल याची खात्री नाही.

आमच्या ठेकेदाराची तऱ्हा दुसरी. त्याला घरभर मोठ्यात मोठी, चकचकीत टाइल हवी होती. बाथरूममध्येही तीच. ओली झाल्यावर काय, असं विचारलं तर म्हणे, "चालून जातं हो." कोणाचं चालून जातं, हे काही त्याने सांगितलं नाही. आईला मात्र दोन्हीकडे अगदी मान मिळाला. बसायला खुर्ची, प्यायला पाणी आणि "तुम्ही आरामात बसा आई, आम्ही बघतो."

तुम्ही नुसती मापं घ्यायला आला होतात. सोबत गोणपाटाची पिशवी, त्यात निरनिराळ्या घरांतून उरलेले टाइलचे तुकडे. मापं झाल्यावर तुम्ही दोन तुकडे पालथे घातले, एक साध्या सिरॅमिकचा आणि एक घट्ट भाजलेल्या व्हिट्रिफाइडचा, आणि त्यांच्या पाठीवर बाटलीतलं पाणी शिंपडलं. सिरॅमिकने बघता बघता पाणी पिऊन टाकलं. व्हिट्रिफाइडच्या पाठीवर थेंब तसाच राहिला. "ही अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही," तुम्ही म्हणालात, "म्हणून डाग धरत नाही. आणि म्हणूनच नुसत्या सिमेंटलाही नीट धरत नाही, हिला अ‍ॅडेसिव्हच लागतं. टाइलमध्ये वाचवा, चिकटवण्यात वाचवू नका." एवढ्या शोरूम पालथ्या घातल्या, पण हे साधं गणित आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

मग तुम्ही एक मोठा तुकडा जमिनीवर सपाट ठेवलात. शोरूममध्ये सगळ्या टाइल्स भिंतीला उभ्या असतात, फरशी म्हणजे जणू बघायचीच वस्तू. तुम्ही त्यावर पाणी ओतलंत आणि आम्हा सगळ्यांना ओलांडून थेट कोपऱ्यात उभ्या असलेल्या आईला म्हणालात, "आई, चप्पल काढून जरा यावर उभ्या राहता का? राहायचंय तुम्हाला."

आणि आपला हात पुढे केलात. पंजा नाही, कोपरापासूनचा हात, कारण पंजे सिमेंटने भरलेले होते. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय हे तुम्हाला कोणी सांगितलेलं नव्हतं, तिची चाल तुम्ही हेरली होती. तिने तुमच्या हाताला धरून एक पाय ठेवला, मग दुसरा. त्या चकचकीत तुकड्यावर तिची बोटं आपोआप आखडली. तुम्ही ती बोटं बघत होतात. "ही नको," असं तीच म्हणाली. दुसरा तुकडा खरखरीत, मॅट. त्यावर ती उभी राहिली आणि तिने तुमचा हात सोडून दिला. बाथरूमची टाइल अशी ठरली.

काका, मी नंतर जरा वाचलं. टाइल किती घसरते ते सांगायला खोक्यावर आर-९, आर-१० असं जे छापलेलं असतं ना, ती चाचणी बूट घालून तेलकट उतारावर चालून घेतात. ओल्या अनवाणी पायांची चाचणी निराळी, तिची वर्गवारी ए, बी, सी अशी. म्हणजे तुमच्या बाटलीभर पाण्याची परीक्षा शास्त्रालाही मान्य आहे. तुम्ही ते प्रमाणपत्र बघितलं नाहीत, आईचे पाय बघितलेत, एवढाच फरक.

बाकी कामाचं किती सांगू? मोठ्या टाइलचा नाद तुम्ही सोडवलात. आमच्या खोल्या लहान, कापाकापीत माल वाया गेला असता, आणि मोठ्या टाइलला खालचा थर तंतोतंत सपाट लागतो, तो खर्च वेगळाच. सगळ्या खोल्यांना दोन बाय दोनची एकच टाइल धरल्यामुळे एका खोलीतले तुकडे दुसरीत आणि स्कर्टिंगला, म्हणजे भिंतीच्या तळपट्टीला, कामी आले. मसाला कालवण्याआधी तुम्ही टाइल्स नुसत्याच मांडून पाहायचात आणि कापलेली कड कपाटाखाली जाईल अशी सरकवायचात. स्वयंपाकघरात एक टाइल ठोकताना पोकळ वाजली. आम्हाला कोणालाच फरक कळला नव्हता. तुम्ही कोणाला न विचारता ती ओली असतानाच उचकटलीत, खाली पुन्हा भरलंत. त्याचे जादा पैसे विचारले तेव्हा तुम्ही चक्क रागावलात.

पैसा बेतात असला की माणुसकीही बेतातच मिळते, असं अलीकडे वाटायला लागलं होतं. थोडक्या पैशांत काम करायचं म्हटलं की लोक थोडक्यात वागतात. मालाची प्रत कमी असली तर समजू शकते, पैसेच तेवढे. पण बोलण्याची, लक्ष देण्याची प्रत का उतरावी? त्याला कुठे जास्तीचे पैसे पडतात? तुमच्यासारखी माणसं आहेत, बरीच असतील, पण त्यांची जाहिरात नसते आणि त्यांच्या कामात डोळ्यांत भरावं असं काही दिसतही नाही. लेव्हलमधली फरशी कोणाच्या लक्षात येते? पाणी आपल्या आपण मोरीकडे जातं, एवढंच.

आई आता अंघोळीला जाताना कोणाला हाक मारत नाही. कठड्याला धरायची तिची सवय अजून आहे, पण ती नुसती टेकल्यासारखी धरते.

जाता जाता कामाचं. उरलेला एक खोका तुम्ही सांगितल्याप्रमाणे जिन्याखाली ठेवलाय, बॅच नंबर वर करून. आणि माझ्या धाकट्या भावाचं बांधकाम स्लॅबपर्यंत आलंय, त्याला तुमचा नंबर दिलाय. त्याचा फोन येईल. तोही चकचकीतच मागणार आहे, तेव्हा पिशवी आणि पाण्याची बाटली घेऊनच जा. त्याच्या सासूबाई त्याच्याकडेच राहणार आहेत.

तुमची,
मापं घेताना टेपचं दुसरं टोक धरून उभी असलेली घरमालकीण