परवाची इसारपावती

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "आबा, परवाची इसारपावती..." आणि रेंज गेली. तेव्हापासून तेवढंच डोक्यात घोळतंय. परवा म्हणजे होऊन गेलेला की यायचा? आपल्यात दोन्हीला एकच शब्द. परत फोन लावला नाही, कारण त्याआधी आपलं वाजलं होतं. जमिनीविषयी या पत्रात लिहायचं नाही, असं ठरवूनच बसलोय.

उजनी मायनसमध्ये गेली. ११७ टीएमसीचं धरण, त्यातलं तळाचं ६३ टीएमसी मृतसाठा म्हणून धरतात. यंदा त्यालाही हात लागलाय. पळसनाथाचं देऊळ उघडं पडलंय. रविवारी मी एकटाच जुन्या गावठाणात उतरलो. गाळाला भेगा पडल्यात, पाय टाकला की कडेचा पापुद्रा मोडतो. ओट्याच्या दगडांवरून घर ओळखलं. उखळ अजून जागेवर आहे. त्यात गाळ आणि शिंपले भरले होते, ते बोटांनी उकरले. तळ तसाच गुळगुळीत आहे, बाईच्या कांडण्यानं झालेला.

१९८० साली धरण पुरं झालं, आपण त्याच्या आधीच उठलो. मी अकरा वर्षांचा. ट्रकवर बसायला मिळणार म्हणून रात्रभर झोपलो नाही. आप्पांनी रिकाम्या घराला कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला बांधली, ती शेवटपर्यंत तिथंच होती. बाईनं ट्रकच्या सावलीत तीन दगड मांडले आणि भाकरी थापायला बसली. आप्पांच्या लेखी त्या दिवशी गाव संपलं, माझ्या लेखी सुरू झालं, आणि बाईच्या लेखी पोरांचं दुपारचं जेवण राहिलं होतं.

धरणाच्या पाण्यावर ऊस लावायला आप्पा दहा वर्षं नाही म्हणाले. त्या पाण्याखाली घर आहे, म्हणायचे. मी भांडून पाइपलाइन टाकली. त्याच उसावर तुझं इंजिनिअरिंग झालं. तू जर्मनीला गेलास तेव्हा एसटी स्टँडवर अनोळखी माणसाला थांबवून सांगितलं मी. पाइपलाइनच्या वेळी मी आप्पांना म्हणालो होतो, "तुम्ही मागंच बघत बसा." काल तू मला तेच म्हणालास, आणि आप्पा त्या वेळी कसे गप्प बसले होते ते आठवलं.

वाटपात ती दोन एकर तुझ्या नावावर केली, तेव्हा तुझा हक्क आहे. पण घेणारा कोण ते नीट बघ. घाईनं इसार घेऊ नये, एकदा घेतला की माणूस बांधला जातो. पुण्यातला फ्लॅट आणखी वर्षभरानं घेतला तर काय बिघडतं? पुढं बघणाऱ्यालाही पायाखाली बघावं लागतं, आणि... बघ, पुन्हा सुरू झालो. राग मानू नकोस. मला भीती पैशाची नाही. भिगवणला फ्लेमिंगो बघायला गाड्या येतात, म्हणून आता काठाच्या रानाला गिऱ्हाईक आहे. फार्महाऊसचं कुंपण पडलं की घराकडं उतरायची वाट बंद होईल. मग उखळ मी छकुलीला कुठून दाखवू?

तू सात वर्षांचा होतास. आप्पा तुला ओटा दाखवत होते, इथं गोठा, इथं तुळस. तू मात्र पाण्याकडं बोट करून एकच विचारत होतास, "होडी कधी येणार?" मला वाटलं आता रागावतील. त्यांनी तुला खांद्यावर घेतलं आणि चिखलातून थेट पाण्यापर्यंत नेलं. मला त्यांनी तसं कधी नेलं नव्हतं.

इसार झाला असेल तर झाला म्हणून सांग. नसेल तर सही करण्याआधी एकदा येऊन जा. झाला असला तरी ये. इकडं थेंब पडला नाही तरी वर घाटात पाऊस लागला की भीमेला पाणी येतं आणि चार दिवसांत सगळं झाकून जातं. उखळाशेजारी काठी रोवून तिला तुझ्या आईच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधून ठेवली आहे. लांबूनही दिसते.

तुझा,
आबा