पत्रिकेच्या फॉन्टला ‘येळ्ळूर’ लिहिता यायला हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुळशीचे लग्न झाले की बेळगाव, खानापूर, निपाणीच्या छापखान्यांत लग्नपत्रिकांची घाई सुरू होते. ‘असाच वळणदार फॉन्ट हवा’ म्हणून गिऱ्हाईक मोबाइलवरची एखादी पत्रिका पुढे करते. वधूवरांची नावे त्यात देखणी उमटतात, पण गावाच्या नावाशी घोटाळा होतो. येळ्ळूर, नंदिहळ्ळी, मण्णूर, हुक्केरी अशी दुहेरी व्यंजनांची नावे आपल्याकडे पावलोपावली आहेत. त्यांपैकी ‘ळ्ळ’ पुष्कळ फॉन्टांत काढलेलाच नसतो. मग पत्रिकेवर पाय मोडलेला ळ येतो: ‘येळ्‌ळूर’.

कारण अक्षराच्या घडणीत आहे. ‘ण’ला दांडी आहे, ती काढली की अर्धा ण तयार. ‘क’चा उजवा कान आखडता घेता येतो. ‘ळ’ला दांडीच नाही, त्यामुळे ‘ळ्ळ’ स्वतंत्रपणे रेखाटावा लागतो, एकाखाली एक किंवा शेजारी जोडून. युनिकोड ही सर्व लिप्यांची सामायिक संगणकी संकेतपद्धती येण्यापूर्वीच्या जुन्या फॉन्टांत जेमतेम २५६ घरे असत, तिथे असल्या जोडाक्षराला जागाच मिळत नसे आणि ऑपरेटर ते तुकडे जुळवून बसवत. युनिकोडमध्ये जागेची अडचण नाही. ळ, हलन्त, ळ असा क्रम मजकुरात नीट साठतो. उणीव राहते ती फॉन्टमध्ये, आणि ती भरून काढता येण्याजोगी आहे.

म्हणून फॉन्ट पसंत करण्याआधी त्यात एक ओळ टाइप करून पाहावी: ‘येळ्ळूरची वऱ्हाडी मंडळी गर्लगुंजीत, ॲड. हुक्केरीकर मण्णुरात’. ‘वऱ्हाडी’चा ‘वर्हाडी’ झाला तर तो फॉन्ट मराठीसाठी घडवलेला नाही. दऱ्या आणि दर्या यांतला फरकही त्याला दाखवता येणार नाही. ‘ॲ’च्या जागी चौकोन आला, किंवा ऊकाराची शेपटी खालच्या ओळीत घुसली, तरी तो बाजूला ठेवावा. ल पाकळीचा आणि श देठाचा, म्हणजे मराठी वळणाचा, आहे का, तेही बघावे. कलम, तिल्लाना, अमिता हे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, फुकट मिळतात आणि छपाईच्या धंद्यातही वापरता येतात. पण ही ओळ त्यांनाही लावावी.

चांगला सुलेखनी फॉन्ट बोरूच्या कटातून येतो. तिरका कट सुमारे ४५ अंशांत धरला की शिरोरेषा आणि दांडी सारख्या जाडीच्या होतात, आणि जाड-बारीकपणाचा सगळा खेळ वळणांत दिसतो. अक्षराची उंची टोकाच्या रुंदीच्या पाचपट ठेवली तर अक्षर भरदार होते, आठपट ठेवली तर सडपातळ. सडपातळ अक्षर पडद्यावर मोहक दिसते, पण मरून कागदावर सोनेरी स्क्रीन छपाईत त्याच्या बारीक रेघा तुटतात. फॉइलमध्ये, म्हणजे तापल्या ठशाने चमकती पत्री चिकटवतात त्या छपाईत, उलटे होते, अक्षराच्या पोटातली पोकळीच भरून जाते. सर्वांत बारीक रेघ ०.३ मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नये.

वळणदार फॉन्ट नावांपुरता ठेवावा, २८ ते ३६ पॉइंट. मुहूर्त, स्थळ, निमंत्रक हे सगळे साध्या फॉन्टमध्ये ११-१२ पॉइंटात. आजीला चष्मा लावून मुहूर्त वाचता आला पाहिजे. दोन ओळींतले अंतर अक्षराच्या दीडपट तरी हवे, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. अक्षरांमधले अंतर मात्र वाढवू नये, शिरोरेषा तुटते. प्रूफ वाचून झाल्यावरच मजकूर कर्व्ह करावा, म्हणजे अक्षरांचे नुसत्या आकृतींत रूपांतर करावे, कारण त्यानंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही.

घरावरच्या पाटीसाठी लेझर किंवा प्लॉटरवर अक्षरे कापायची असतील तर कर्व्ह केल्यावर वेल्डही करावे, म्हणजे एकमेकांवर चढलेले आकार जोडून एकच करावेत. एरवी दोन अक्षरांच्या शिरोरेषा जिथे एकमेकींवर चढतात तिथे सुरी आडवी जाते. शिरोरेषेमुळे देवनागरी नाव एकसंध राहते ही मोठी सोय. अनुस्वाराचे टिंब मात्र सुटेच राहते. ते वेगळे चिकटवावे लागते आणि नेमके तेच हरवते. ‘गर्लगुंजी’ची ‘गर्लगुजी’ अशीच होते.

दुकानाच्या फलकाचे गणित निराळे. कर्नाटकातल्या कन्नड भाषेच्या कायद्यातील २०२४ च्या दुरुस्तीनुसार फलकावर ६० टक्के कन्नड आणि तेही वरच्या भागात हवे. चार फूट उंचीच्या फलकावर उरलेल्या १९ इंचांत मराठी आणि इंग्रजी दोन्ही बसवायचे, म्हणजे मराठीच्या वाट्याला नऊएक इंच. त्यातून वेलांटी, मात्रा, उकार आणि मोकळी जागा वजा केली की मूळ अक्षर चार-पाच इंचांचे उरते. सर्वसाधारण ठोकताळा वाचण्याच्या दर दहा फूट अंतराला अक्षराची एक इंच उंची असा आहे. तो साध्या जाड अक्षराचा. नाजूक सुलेखन त्याच्या निम्म्या अंतरावरही पुसट होते. तिथे जाड, कमी वळणांचाच फॉन्ट घ्यावा.

छापखानदारांना विनंती, ‘ळ्ळ’ तुटलेला दिसला तर तेवढ्यापुरते तुकडे जोडून काम भागवू नये. फॉन्टकर्त्याला गावांच्या नावांची यादी आणि बिघडलेल्या ओळीचे चित्र पाठवावे. मुक्त परवान्याच्या फॉन्टमध्ये तर जाणकाराला हे जोडाक्षर स्वतः काढून घालताही येते.

आपला,
एक अक्षरजुळणीकार
शहापूर, बेळगाव