आंबोलीची घाईची सहल

महोदय,

पावसाळ्यातल्या रविवारी आंबोली घाटात यायचे, मुख्य धबधब्याखाली अर्धा तास भिजायचे, कणीस खायचे आणि अंधार पडायच्या आत परतीची वाट धरायची, अशी सहलीची रीतच पडली आहे. गेल्या रविवारी वळणावर दुहेरी उभ्या केलेल्या गाड्यांमुळे आमची एसटी तासभर खोळंबली आणि शेजारचे आजोबा गोळीची वेळ टळली म्हणून कासावीस झाले. शनिवार-रविवारी खासगी गाड्या आंबोली गावातच थांबवून धबधब्यापर्यंत एसटीच्या फेऱ्या सोडणे काही अवघड नाही.

आंबोलीतच हिरण्यकेशीचा उगम आहे. तेथील कुंडात सापडलेल्या ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या इवल्याशा माशामुळे तो परिसर २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला, हे किती पर्यटकांना ठाऊक असते? घाट उतरून गेले की आंबोलीपासून सुमारे तीस किलोमीटरवर सावंतवाडी आहे. मोती तलावाकाठी संध्याकाळ घालवावी, चितारआळीत लाकडी आंबा-फणस न्याहाळावेत, राजवाड्यात गंजिफाचे गोल पत्ते रंगवणारा हात पाहावा. त्यासाठी एक मुक्काम मात्र करावा लागतो. गावातल्या खाणावळींनाही त्यातूनच चार पैसे मिळतात, घाटातल्या गर्दीतून नव्हे.

— एक प्रवासी, सावंतवाडी