विन्या, हो की नाही एवढंच लिही

विन्या,

दिवाळीनंतर तुला एक ओळ नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. गुडघा बरा आहे, शुगर आहे तिथेच.

शुक्रवारी एक प्रकार झाला. इथे युट्रेक्टमध्ये कुणाला सांगावं तर 'छान डेटा' म्हणतात, म्हणून तुला सांगतोय.

आमचं काम तुला माहीतच आहे. सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुसांत चिकट कफ साचवणारा तो जन्मजात आजार, त्याच्या पेशंटच्या गुदाशयातून (हस, हस) इवलासा तुकडा घ्यायचा आणि त्यातल्या मूळपेशी जेलच्या थेंबात वाढवायच्या. आतड्याच्या अस्तराचे पोकळ गोळे होतात, ऑर्गनॉइड. २००९ साली साटो आणि क्लेव्हर्स यांनी उंदराच्या आतड्यापासून ते केले, ते याच गावात. त्यावर फोर्स्कोलिन नावाचं रसायन घालायचं, ते पेशीतली क्लोराइडची वाट उघडायला लावतं. ती वाट धड असेल तर त्यामागून पाणी आत शिरतं आणि तासाभरात गोळा टम्म फुगतो. या आजारात तो फुगत नाही, ढिम्म बसून राहतो. मग औषध घालून पुन्हा बघायचं. ज्यांचं उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातला बिघाड, दुर्मिळ, त्यांच्यावर मोठी चाचणी घ्यायला माणसंच मिळत नाहीत. तेव्हा त्यांच्याच आतड्याला विचारायचं.

महिन्यापूर्वी फ्रीझरमधून काढलेला असाच एक नमुना शुक्रवारी औषध घालून लावला. फुगले, विन्या! सगळे! मी खुर्चीतून उठलोच. मग फाईल उघडली. शेरा होता: दात्याचं निधन, गेल्या वर्षी. औषध तेव्हाही बाजारात होतं, त्याच्या उत्परिवर्तनाला मंजूर नव्हतं. आणि त्याच्या नमुन्याचा नंबर तेव्हा आमच्याकडे रांगेत.

माणूस नाही, आणि मी दर आठवड्याला त्याचं आतडं फोडून नव्या जेलमध्ये लावतोय. अण्णा म्हणाले असते, बरंय, कावळ्याची वाट बघायला नको. त्याचं काही वाटत नाही. डाचतं ते हे, की घरच्यांना कळवायचं का? बॉस म्हणते, नियमात बसत नाही, संशोधनाचा निकाल म्हणजे रिपोर्ट नव्हे. बरोबरही असेल तिचं.

अण्णांचा रिपोर्ट तेराव्याला आला आणि तू न वाचता बंबात घातलास. त्यावरून आपण किती दिवस बोललो नव्हतो! माझं मत आजही तेच आहे, वाचायला हवा होतास. पण ते पाकीट आपणहून तुझ्या दारात आलं होतं. यांच्या दारात मी नेऊन टाकू? 'औषध लागू पडलं असतं' हे वाचून घरातल्यांनी काय करायचं? तत्त्वज्ञान नको. तुला हवं असतं का, हो की नाही लिही.

चिन्मयीचं बारावीनंतर काय ठरलं? गच्ची गळायची थांबली? त्या मिस्त्रीला या वेळी तरी आगाऊ पैसे देऊ नकोस.

तुझा,
बंड्या