बीफ स्ट्यू कसा करायचा ते लिहून पाठवतोय

प्रिय बाय,

परवा व्हिडीओ कॉलवर तुला स्वेटरवर स्वेटर घालून कपातले नूडल्स खाताना बघितलं तेव्हापासून मम्मी माझ्या डोक्याशी बसलीये, की एवढी वर्षं हॉटेलात काढलीत आणि पोरीला एक गरम जेवण शिकवता आलं नाही. फोनवर सांगितलं की तू हो हो करतेस आणि फोन ठेवला की विसरतेस. म्हणून लिहितोय, स्क्रीनशॉट काढून ठेव.

तिकडे स्वित्झर्लंडात, लुझर्नला या दिवसांत धुकं एकदा तळ्यावर बसलं की आठवडा आठवडा हलत नाही, वर डोंगरात मस्त ऊन आणि खाली तुम्ही सगळे राखाडी. तिकडच्या लोकांचं त्यावरचं जेवण म्हणजे रिंड्सफोरेसन, बीफचा घट्ट स्ट्यू, आणि सोबत कार्टोफेलश्टोक म्हणजे कुस्करलेला बटाटा. मी हे तुमच्या जवळच्याच एंगेलबर्गला, डोंगरातल्या गावात शिकलो. टूरवाल्यांनी आम्हाला नेलेलं ते आपल्या ग्रुपांना सकाळी पोहे आणि रात्री डाळ-भात-पुरी घालायला, पण स्टाफचं जेवण हॉटेलचा स्विस शेफ करायचा, आणि तिकडे हजार मीटरवर मे महिन्यातही मधेच बर्फ पडायचा, तसा दिवस असला की हे ठरलेलं. शेफ मोजकं बोलायचा, पण परतताना कोणी मांस हलवायला गेलं की हातातला चमचा काढून घ्यायचा.

आधी मांस. माणशी २०० ग्रॅम कच्चं धर, चौघांना ८०० ग्रॅम. पाकिटावर फोरेसन लिहून बारीक तुकडे मिळतात ते नको, ते शिजेपर्यंत आक्रसून शेंगदाण्याएवढे होतात. खाटकाकडे जाऊन खांद्याचं किंवा मानेचं माग, शुल्टर नाहीतर हाल्स म्हण, आणि दोन इंचाचे तुकडे करून घे. महागातलं मऊ मांस घ्यायची गरजच नाही, ते तासाभराने उलट कोरडं पडतं. खांद्यात आणि मानेत ज्या पांढऱ्या शिरा आणि पडदे असतात ना, ते मंद आचेवर हळूहळू विरघळतात आणि रस्सा ओठाला चिकटेल असा होतो, सगळी मजा तीच आहे. आपल्याकडे २०१५ पासून बैलाचंही बंद झालं, त्यामुळे हल्ली वसईला तू खाल्लंस ते म्हशीचं, ते जास्त काळपट आणि कमी चरबीचं. तिकडचं दिसायला वेगळं असेल, घाबरू नकोस. संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आत गेलीस तर २५ टक्के, ५० टक्के सूटचे स्टिकर लागलेले असतात, ते बघ. आणि सगळं शनिवारी आण, रविवारी दुकानं बंद. शनिवारी सकाळी रॉइस नदीकाठी बाजार पण भरतो, गाजरं, लीक आणि सेलरीचा गड्डा तिथून घे, गड्डा दिसायला भयंकर असतो पण वासाला त्याच्यासारखं काही नाही.

आता परतणं. इथेच सगळे घाई करतात. मांस किचन पेपरने नीट कोरडं कर, ओलं टाकलंस तर ते परतत नाही, आपल्याच पाण्यात उकडतं. मीठ, मिरी लाव. जाड बुडाचं टोप चांगलं तापव, त्यात ब्राटबुटर घाल, ते म्हणजे जवळपास आपलं तूपच, साधं बटर या आचेला जळतं. मग एका वेळी सात-आठच तुकडे, मधे जागा सोडून, आणि हात लावू नकोस. आधी जोरात चुरचुरेल, मग आवाज उतरेल, मग तुकडा आपणहून बुड सोडेल, तेव्हा उलट. ओढायला लागला तर अजून झालेला नाही. सगळ्या बाजू गडद तपकिरी पाहिजेत, बदामी नको. बुडाला जो थर लागतो तो घासून टाकू नकोस, चव तिथेच आहे. एक्झॉस्ट मात्र चालू ठेव बाई, हॉस्टेलचा अलार्म वाजायला नको.

तुकडे बाजूला काढले की त्याच टोपात कांदा, गाजर, सेलरी, लीक परत, एक चमचा टोमॅटो प्युरे घालून ती काळसर होईपर्यंत हलव, वर एक चमचा मैदा. मग तीन डेसिलिटर रेड वाइन (तिकडे सगळी मापं डेसिलिटरमध्ये, १ म्हणजे १०० मिली). मिग्रोस सुपरमार्केटमध्ये वाइन शोधत फिरू नकोस, ते दारू विकतच नाहीत, दुसरीकडून घे, स्वस्तातली चालेल. वाइन पडली की लाकडी चमच्याने बुडाचा थर खरवड आणि वाइन अर्धी होऊ दे. मग मांस परत आत, चार डेसिलिटर गरम बुयाँ (म्हणजे स्टॉक), आणि एक अख्खा सोललेला कांदा, त्यावर तमालपत्र ठेवून दोन लवंगांनी टोचलेला. हा कांदा शेवटी काढून टाकायचा, म्हणजे लवंग कोणाच्या दाताखाली येत नाही.

झाकण जरा तिरकं, आच एकदम कमी. दोन तास. बुडबुडा मधूनच एखादा यायला पाहिजे, खदखदलं तर मांस दोऱ्या दोऱ्या होतं. कुकरमध्ये करू का असं विचारशीलच. मांस शिजेल, पण कुकरमधून वाफ जात नाही म्हणून रस्सा पाणचट राहतो, मग पुन्हा आटवत बसायचं. कुकर वाईट म्हणत नाही हां मी, तिकडची कूहन रिकॉन १९४९ पासून कुकर बनवतेय, पण त्यात राजमा कर.

बटाटा निळ्या पिशवीतला घे, तो पिठूळ असतो, हिरव्यातला सॅलडचा. उकडून, गरम असतानाच हाताने कुस्कर, गरम दूध, बटर, चिमूटभर जायफळ. मिक्सर लावलास तर डिंक होईल. ताटात डोंगर करून मधे खड्डा पाडायचा आणि त्यात रस्सा ओतायचा, तिकडे पोरं भिंत फुटू न देता खायची शर्यत लावतात, शेफ पन्नाशीचा होता तरी तसाच खायचा.

आपला घरचा तिखट बाटली मसाला पहिल्या दिवशी अजिबात घालू नकोस, माहितीये मला तुझा हात कुठे जातो ते. उरलेल्यात दुसऱ्या दिवशी घाल, पावाबरोबर खा, मी काही म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी तो तसाही जास्त चांगला लागतो.

आणि तुझी ती नागपूरची रूममेट बीफ खाते का ते आधी विचार, गृहीत धरू नकोस. खात नसेल तर तिच्यासाठी बटाटा आणि भाज्या वेगळ्या टोपात कर, बुयाँ पण भाज्यांचा घे, आणि तोच चमचा दोन्हीकडे घालू नकोस. तिला नंतर कळलं तर वाईट वाटेल. झाल्यावर फोटो पाठव, मांस कापून आतून दाखव, नुसतं वरून नको.

तुझा,
पप्पा